पिवळं भांडं घेऊन लग्नाला

मला किळस फार लवकर येते. लहानपणी ताटात केस निघाला की मी जेवणावरून उठायचो. कुणी शेजारी बसून चहा भुरकला तरी माझा कप तसाच राहायचा. मुलगी झाली तेव्हा सगळ्यांनी एकच सांगितलं, स्वतःच्या लेकराची घाण वाटत नाही. मला वाटायची. मी तिचे लंगोट बदलायचो, धुवायचो, पण श्वास रोखून. बायको आरोग्यसेविका आहे, तिला अशा गोष्टींचं काही वाटत नाही. ती म्हणायची, "तू असा चेहरा करत जाऊ नको तिच्यासमोर. तिले वाटंल आपणच घाण हावो."

आम्ही वणीजवळ राजूरला राहतो. मी कोळसा खाणीच्या वर्कशॉपमध्ये इलेक्ट्रिशियन आहे. माझं गाव म्हणजे फुलसावंगीजवळचा बंजाऱ्यांचा एक तांडा. जिल्ह्याच्या एका टोकाला आम्ही, दुसऱ्या टोकाला याडी. आमच्यात आईला याडी म्हणतात. मुलगी अडीच वर्षांची असताना उन्हाळ्यात चुलत बहिणीचं लग्न निघालं. बायकोला लसीकरणाच्या मोहिमेमुळे रजा मिळेना. ती लग्नाच्या दिवशी दुपारपर्यंत पोचणार होती. मी आणि मुलगी आधी जायचं ठरलं, कारण मांडवाची वायरिंग मीच करणार होतो.

नेमकं त्याच महिन्यात बायकोनं मुलीचं डायपर सोडवलं होतं. पिवळ्या प्लॅस्टिकचं एक भांडं आणलं होतं, बसायला खुर्चीसारखं, पुढे बदकाची चोच. पोरगी घरभर ते ओढत फिरायची. शू आली की स्वतः सांगायची, शी झाली की टाळ्या वाजवायची. बायको म्हणाली, "प्रवासात डायपर घालू नको. एकदा घातलं की सगळं विसरंल. भांडं घेऊन जा." मी म्हटलं, "एसटीत?" ती म्हणाली, "एसटीत काहून नाही?"

म्हणून मी एका पिशवीत कपडे, एकीत भांडं, पाण्याच्या बाटल्या, जुनी फडकी आणि साबण असं घेऊन निघालो.

वणीहून बस सुटली तेव्हा ऊन चढलं होतं. आम्हाला मागची सीट मिळाली. शेजारी एक पन्नाशीतला गृहस्थ होता, पांढरा सदरा, गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा. तासाभरानं मुलीनं माझी कॉलर धरली. "बाबा, शू." मी कंडक्टरला हाक मारली, तो पार पुढे होता आणि बस खच्चून भरलेली. "बाबा, आली," ती म्हणाली. तिचा आवाज आता वेगळा होता. मी दोन सीटच्या मधल्या जागेत भांडं ठेवलं, चड्डी खाली केली आणि तिला बसवलं. तिनं शहाण्यासारखं केलं. टाळ्याही वाजवल्या.

मी भांडं उचललं आणि बसनं खड्डा घेतला.

अर्धं माझ्या पँटवर आलं. थोडं त्या गृहस्थाच्या चपलेवर. तो पाय झटकत म्हणाला, "काय बाप्पा, इथं काय संडास हाय का? घाण करून राह्यले गाडीत." मी माफी मागितली, फडक्यानं त्याची चप्पल पुसली. तो पुसू देत असतानाच त्यानं खिडकीकडे मान वळवली आणि तोंडातला सगळा खर्रा बाहेर थुंकला. बस जोरात होती. वाऱ्यानं निम्मी पिंक परत आत आणली. माझ्या मुलीच्या दंडावर तांबूस, चिकट, सुपारीचे कण असलेले थेंब पडले. तिनं दंडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

मला तिथंच ओकारी आली, पण दाबली. मी बाटलीतलं पाणी ओतून तिचा दंड धुतला, साबण लावला, पुन्हा धुतला. त्या माणसाला म्हटलं, "तुमची थुंकी आली लेकराच्या अंगावर." तो म्हणाला, "वाऱ्यानं आली. मी काय तिच्यावर थुकलो का?" आणि त्यानं डबी काढून दुसरा खर्रा घोटायला घेतला. माझी पँट ओली होती, मांडीला चिकटत होती. तो प्रवास संपेपर्यंत मी त्याच्या जबड्याकडे पाहू शकलो नाही, आणि तरी आवाज ऐकू येतच होता.

पुढची गाडी बदलायला आम्ही एका स्टँडवर उतरलो. त्याचं नाव घेत नाही, कारण ते कुठलंही असू शकलं असतं. उतरल्या उतरल्या मुलगी म्हणाली, "बाबा, शी." मला वाटलं, चला, इथं तरी संडास आहे, भांडं लोकांसमोर काढायला नको. बायकांच्या बाजूला दारात एक बाई बसली होती. मी विचारलं, "हिले आत नेऊ का? मी बाप हाय तिचा." ती म्हणाली, "माणसाले नाही जाता येत. आना, मी नेतो." पण मुलगी तिच्याकडे जाईना, माझ्या पायाला चिकटली. बाईचाही काही दोष नव्हता. मग पुरुषांच्या बाजूला गेलो.

आत शिरताना वास डोळ्यांत गेला, नाकात नंतर. फरशीवर पाणी साचलेलं, म्हणजे मी त्याला पाणी म्हणतो. भिंतीची पांढरी टाइल कमरेपर्यंत खर्ऱ्यानं लाल-तपकिरी झालेली, काही ठिकाणी वाळून पोपडे धरलेले. एक जण मोबाइलवर सोयाबीनचा भाव विचारत उभ्यानं मुतत होता, आणि त्याची धार भांड्यात कमी, बाजूला जास्त पडत होती. मुलीला मी उचलून घेतलं. पहिल्या दाराला कडी नव्हती. दुसऱ्याच्या आत कुणीतरी होतं. तिसरं उघडलं.

संडासाच्या भांड्यात आधीच्या कितीतरी माणसांचं तसंच पडलेलं होतं, वर माश्या, आणि कडेला पाय ठेवायच्या जागेवरही. बादली साखळीनं बांधलेली, तिच्यात तळाशी हिरवट पाणी. माझी मुलगी खांद्यावरून ते पाहत होती. "बाबा, हे कोनाची?" तिनं विचारलं. मी उत्तर देणार होतो. तोंड उघडलं आणि दाबून धरलेलं सगळं बाहेर आलं. सकाळचे पोहे, चहा, सगळं. मुलगी कडेवर असतानाच मी भिंतीला हात टेकला, आणि हात जिथं टेकला ती जागा ओली होती. ते जाणवल्यावर पुन्हा ओकलो.

मोबाइलवाला आत डोकावला. "दारू पेलता का बे, लेकराले घेऊन?" तो म्हणाला. मी बाहेर येऊन नळ शोधला. हात इतका घासला की कातडी दुखायला लागली. मुलगी रडत नव्हती. ती माझ्या तोंडाकडे टक लावून पाहत होती. मी एका कोपऱ्यात पिवळं भांडं काढलं, खांबाच्या आड ठेवलं आणि म्हटलं, "बस बेटा, आपलं स्वच्छ हाय." ती भांड्यापासून मागं सरकली. म्हणाली, "नाही. छी."

"शी आलती ना तुले?"

"गेली."

ती खरंच गेली होती, आणि पुढे परत येईना.

तांड्यावर पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. याडीनं नातीला उचलून घेतलं, पापे घेतले, मांडवात फिरवलं. रात्री जेवणानंतर मी भांडं काढलं. मुलगी खाटेमागे जाऊन लपली. शू तिनं अंगणात मोरीजवळ केली, ती कशीबशी. शीचं नाव काढलं की पाय आवळून उभी राहायची. दुसऱ्या दिवशी सकाळीही तेच. तिचं तोंड लाल व्हायचं, कपाळावर घाम यायचा, टाचा उंच व्हायच्या, आणि ती आतल्या आत ओढून घ्यायची. मग पाच मिनिटं खेळायची आणि पुन्हा तसंच.

घरी सरकारी योजनेतून बांधलेलं शौचालय होतं. मी दार उघडलं तर आत जनावरांच्या ढेपेची पोती रचलेली. याडी म्हणाली, "पावसात भिजतात रे ते. अन् त्याच्यात कोन जाते? घराले लागून." मी वैतागून म्हटलं, "मग बाया कुठी जातात?" तिनं नुसतं नाल्याकडे पाहिलं. पहाटे मी स्वतः बाटली घेऊन तिकडे गेलो होतो. लग्नाचे पाहुणे आलेले, त्यामुळे पायवाटेच्या दोन्ही बाजूंना पाऊल टाकायला जागा नव्हती. मी ज्या गावात वाढलो त्या गावात मला मांजरासारखं एकेक पाऊल उचलून टाकावं लागत होतं. लहानपणी हे सगळं असंच होतं का, की तेव्हा मी कमी पाहायचो, मला आठवत नाही.

बायकोला फोन केला. ती म्हणाली, "जबरदस्ती नको करू. कोमट पाणी दे, केळं नको देऊ, मनुका भिजवून दे. अन् तुह्या चेहऱ्यावर काही दिसू देऊ नको." मी म्हटलं, "मी काहीच नाही केलं." ती म्हणाली, "मले माहीत हाय तू काय केलं असंल."

याडीनं पोटाला एरंडेल चोळलं. पोट हाताला दगडासारखं लागत होतं. मी शिडीवर चढून मांडवात दिव्यांच्या माळा बांधत होतो, पण लक्ष सगळं खाली. मोठे काका, म्हणजे नवरीचे वडील, खुर्ची टाकून बसले होते. त्यांच्यापुढे बाकीचे भाऊबंद. पिवळं भांडं खाटेखाली दिसत होतं. काका म्हणाले, "हे का हाय? खेळणं का?" मी सांगितलं. ते हसले, मग बाकीचे हसले. काका म्हणाले, "माणसानं पोट्टीचं हागणं पिशवीत घेऊन फिरावं का? आमी तर कवा पायलं बी नाही. बायकोले घरी ठेवून तू हे करून राह्यला?" हे बोलताना त्यांनी नाक शिंकरलं, बोटं मांडवाच्या बांबूला पुसली, आणि त्याच हातानं समोरच्या पातेल्यातली बुंदी चाखायला उचलली. "साखर कमी हाय," ते म्हणाले.

त्या पातेल्यातली बुंदी मी लग्नात खाल्ली नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी लग्न लागलं. बायकोची बस मध्येच बंद पडल्याचा फोन आला. ती उशिरा पोचणार होती. मुलीनं सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, नुसती याडीच्या कडेवर पडून. मी ठरवलं होतं की पंगत उठली की तिला महागावला दवाखान्यात न्यायचं. माणसं कमी पडत होती म्हणून मी मठ्ठा वाढायला उभा राहिलो. मांडवात पट्ट्या अंथरलेल्या, वरपक्षाची मानाची माणसं पहिल्या पंगतीला बसलेली, त्यांच्या आग्रहानं काकाही. पत्रावळीवर भात, वरण, आलू-वांग्याची भाजी, पुऱ्या, बुंदी. ऊन असं होतं की मांडवाखाली वाफेचा आणि माणसांचा वास एकत्र झाला होता.

मी वाकून एका पेल्यात मठ्ठा ओतत होतो. मागून प्लॅस्टिक जमिनीवर घासल्याचा आवाज आला. वळून पाहिलं तर मुलगी बदकाची चोच धरून भांडं ओढत पंगतीच्या मधून येत होती. तिचा चेहरा लाल होता. मी हातातला मठ्ठ्याचा जग कुठं ठेवायचा ते बघेपर्यंत ती माझ्यापासून चार हातांवर थांबली, काकांच्या पत्रावळीच्या अगदी समोर. कुणीतरी हसलं, कुणाला वाटलं पोरगी खेळते आहे. तिनं स्वतः चड्डी खाली केली आणि बसली.

मी जागचा हललो नाही. हलावं की नाही कळेना. बायको म्हणाली होती, जबरदस्ती नको. उचललं तर पुन्हा आत जाईल, आणि मग किती दिवस. मी जग खाली ठेवून तिच्या समोर गुडघे टेकून बसलो. ती माझे दोन्ही हात धरून जोर करत होती. आधी शेळीच्या लेंड्या पडाव्यात तसे आवाज आले, भांड्याच्या तळाला टणटण. मग ती रडली, एकदाच, मोठ्यानं, आणि त्यानंतर दोन दिवसांचं सगळं बाहेर आलं.

वास मी सांगत नाही. वरण-भातावर तो आला एवढं पुरे. काका उठले. त्यांनी पत्रावळ पायानं दूर सारली. "उचल थे," ते म्हणाले, "उचल, नाही तर मी फेकतो." समोरचे दोघे-तिघे तोंडाला रुमाल लावून उठले. एकानं तोंडातला घास तिथंच बाजूला टाकला. माझ्या घशाशी पुन्हा आंबट आलं. मी तिच्या डोळ्यांकडे पाहत राहिलो आणि माझ्या गालांचे स्नायू दुखेपर्यंत हसत राहिलो.

"बाबा, झाली," ती म्हणाली.

"हाव बेटा. छान झाली."

टाळ्या वाजवायच्या राहिल्या होत्या, म्हणून तिनं माझ्याकडे पाहिलं. मी वाजवल्या. वरपक्षाकडची एक म्हातारी, नवरदेवाची आजी असावी, कपाळावर जुन्या चालीचे चांदीचे दागिने लोंबणारी, तिनंही वाजवल्या. ती पत्रावळीवरून उठली नव्हती. पुरी मोडत ती काकांना म्हणाली, "बस खाली. लेकराचं पोट साफ झालं, तुह्या पोटाले काय झालं?" काका बसले नाहीत.

मी एका हातानं मुलीला आणि दुसऱ्या हातानं भांडं धरून, वर फडकं झाकून, सगळ्या पंगतीच्या कडेनं मांडवाबाहेर गेलो. घरामागे खड्डा होता, उष्टं टाकायचा. मी ओतलं. दोन कुत्री पळत आली. मला वाटलं ती उष्ट्या पत्रावळींसाठी आली असतील. तसं नव्हतं. मी दगड मारून हाकललं, तरी ती लगेच परतली, आणि मग मी तिकडे पाठ करून उभा राहिलो, आणि पोटात होतं तेवढं ओकून मोकळा झालो. मुलगी उघडी, माझ्या शेजारी उभी राहून पाहत होती. "बाबाले बी झाली," ती याडीला म्हणाली. याडी तोवर पाण्याची घागर घेऊन आली होती. तिनं पोरीला धुतलं, मग माझ्या हातावर पाणी घातलं. म्हणाली, "तू लहान होता तवा दुसऱ्याचं पाहून बी असाच वकायचा. मले वाटलं, बाप झाल्यावर जाईल."

"नाही गेलं."

"दिसते ना."

संध्याकाळी बायको पोचली तेव्हा मुलगी बुंदी खात मांडवात पळत होती. काका माझ्याशी बोलत नव्हते. ते अजूनही फारसे बोलत नाहीत, आणि मला त्याचं विशेष काही वाटत नाही. परतीला आम्ही बस घेतली नाही. गावातल्या एका मेकॅनिकची जुनी गाडी वणीपर्यंत भाड्यानं केली. तो स्वतः दोन मुलांचा बाप होता, त्यामुळे थांबायला सांगितलं की का म्हणून विचारायचा नाही. गाडी पळसाच्या झाडाखाली उभी करायचा आणि बॉनेट उघडून उगाच काहीतरी बघत बसायचा. मुलगी भांड्यावर बसायची, मी धुवायचो. दर वेळी श्वास रोखून. चेहऱ्यावर हसू ठेवून.

ती आता शाळेत जायच्या वयाची झाली आहे. या जूनमध्ये आम्ही जवळची एक शाळा बघायला गेलो. बाईंनी वर्ग दाखवला, फळ्यावर रंगीत खडूनं काढलेली फुलं दाखवली, पोरांची चित्रं दाखवली. बायको ऐकत होती. मी म्हटलं, "संडास कुठं आहे?" बाईंना वाटलं मला जायचं आहे. त्यांनी बोट दाखवलं. मी मागं गेलो. दोन दारं होती, एकावर मुलगी आणि एकावर मुलगा रंगवलेला, रंग अगदी ताजा. दोन्हींना कुलूप होतं.

परत येऊन विचारलं. बाई म्हणाल्या, "किल्ली मुख्याध्यापकांकडे असते. उघडं ठेवलं तर घाण करतात ना पोरं."

"मग पोरं कुठं जातात?"

"मागं जातात. मैदान आहे."

मी खिडकीतून मैदान पाहिलं. भिंतीला लागून वाळलेल्या गवतात पायवाट पडली होती, लहान पावलांची. मुलगी माझं बोट धरून उभी होती. ती म्हणाली, "बाबा, मी नाही जात तिकडं." बायकोनं माझ्याकडे पाहिलं आणि पर्स उचलली.

आम्ही तिला दुसऱ्या शाळेत घातलं. ती लांब आहे, रोज ऑटो लागतो. तिथलं शौचालयही काही फार चांगलं नाही. पण दार उघडं असतं, आणि आत गेल्यावर मला ओकारी आली नाही.